समस्थानिक

अशोक चौकामागच्या रात्रशाळेत
आठवीच्या वर्गात, तिसऱ्या बाकावर
व्यंकटेश चिलवेरी बसतो. वय एकोणचाळीस.
मनगटापर्यंत निळा.
दिवसभर डाईंगमध्ये सुताच्या लडी बुडवतो
आणि साडेसातला माझ्यासमोर येऊन
पेन्सिलीला टोक करतो, अगदी सावकाश,
जणू तेवढ्यासाठीच आलाय.

मी फळ्यावर गोल काढला.
म्हटलं, अणू पार्क मैदानाएवढा धरा,
तर केंद्रक म्हणजे मधोमध पडलेला
मालदांडीचा एक दाणा.
बाकी सगळं मोकळं.
"मोकळंच असंल सर,
तर चादर ऊब कशी देती?"
मला उत्तर सुचलं नाही.
घड्याळाकडे पाहिलं
आणि आयनांकडे वळलो.

सोडियमच्या बाहेरच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन,
त्याचं तिथं मन लागत नाही.
क्लोरीनला एकाचीच उणीव.
याने दिला, त्याने घेतला.
देणारा धन झाला, घेणारा ऋण.
व्यंकटेश म्हणाला, "घेणाऱ्याच्या नावावर ऋण,
हे बराबर. पण सर,
देऊन कोण धन झालेला
मी तर बघितला नाय."

मग तोच उठून सांगायला लागला,
सूत पाण्यात गेलं की अंग चोरतं,
रंगही त्याच्यापासून फटकून राहतो.
मग आम्ही मीठ टाकतो घमेलंभर.
सोयरीक जुळवणाऱ्यासारखं
ते मधे पडतं. मग धरतो रंग.
मी म्हटलं, सूतही ऋण, रंगही ऋण,
मधे पडतो तो सोडियमचा आयन.
वीस वर्षं हा माणूस आयन ओतत होता
आणि मी पंधरा वर्षं
त्याच्या डोक्यावर अधिकचं चिन्ह काढत होतो.

समस्थानिकांचं उदाहरणही त्याचंच.
जकार्डवर कार्डांची माळ तीच,
मोर तोच, काठ तोच, नाव तेच,
पण एक चादर सव्वा किलोची, एक दीडची.
"गिऱ्हाइकाला बघून नाय कळत,
काट्यावर कळतं."

बरोबर. माळ म्हणजे प्रोटॉनांची संख्या.
कार्बनचे सहा. त्यात एक बदलला
की तो कार्बनच उरत नाही.
वजन वाढतं न्यूट्रॉनांनी,
ज्यांना ना धन, ना ऋण.
कुणाच्या अध्यात मध्यात नाहीत,
नुसते बसून असतात.
बारा, तेरा, चौदा.
चौदाचा मात्र टिकत नाही, ढळतो.
"कवा?"
एखाद्या अणूचं सांगता येत नाही,
ढिगाचं सांगता येतं.

त्याने वहीत लिहिलं, ढिगाचं सांगता येतं.
मग पेन्सिल खाली ठेवली.

त्याचा भाऊ अंबादास. दीड वर्षानं मोठा.
तेच आडनाव, तीच साखर पेठेतली खोली,
एकाच मालकाकडं दोघं.
गेल्या चैत्रात दुपारचा डबा न उघडता
स्टँडकडे चालत गेला.
कुणी म्हणतं भिवंडी, कुणी हैदराबाद.
भांडण नव्हतं. कुणाचं देणं नव्हतं.
"आत काय साठवून होता काय की,"
व्यंकटेश वहीकडे बघत म्हणाला,
"आम्ही नुसतं बघत होतो, सर."

चौदाचा कार्बन ढळला की नायट्रोजन होतो,
खूण बदलते, नाव बदलतं,
हे मी त्या रात्री सांगितलं नाही.
पुढच्या तासाला घेऊ, म्हटलं.

तेवढ्यात बाहेर कुणी ओरडलं, पाणी सुटलं!
पाचव्या दिवसाचं. वर्ग उठून पळाला,
तोही पळाला, घागरी त्यालाच भरायच्या असतात.
वही बाकावर उघडी राहिली.

केंद्रकात सहा प्रोटॉन, प्रत्येकावर अधिकचं चिन्ह,
नीट, शाळकरी.
शेजारी आठ टिंबं बिनचिन्हाची.
इतक्या जोरात दाबून काढलेली
की मागच्या पानावर
ती बोटाला लागत होती.